अक्षरे कार्डावर, आकडे धातूवर

मी, खाली सही करणारी, वय पंचवीस, घरातली पहिली पदवीधर, व्यवसाय जुन्या महागड्या घड्याळांची तपासणी, हे माझे मृत्युपत्र स्वतःच्या बुद्धीने आणि स्वतःच्या हाताने लिहिते. माझे डोके ठिकाणावर आहे. "कोणाच्याही दडपणाशिवाय" असे इथे लिहायचे असते, असे वकीलबाई म्हणाल्या. दडपण आहे, पण ते मी गप्प बसावे म्हणून आहे, हे लिहावे म्हणून नाही. मला कोणताही आजार नाही. उद्या मला न्यायालयात साक्ष द्यायची आहे, म्हणून हे आज लिहीत आहे.

१. माझ्या खात्यातली सगळी बचत धाकट्या बहिणीच्या शिक्षणासाठी. बाबांनी त्यातून छपराची दुरुस्ती करू नये. बाबा, गळते हे मलाही दिसते. तूर्त बादली ठेवा.

२. माझे भिंग, चिमटे आणि बारीक स्क्रूड्रायव्हर धाकटीला. भिंग लावताना दुसरा डोळा मिटू नये. मागे कोण येऊन उभे राहिले ते कळले पाहिजे.

३. माझा निळा कोट दुकानातल्या कॅशियरबाईंना. पहिल्या दिवशी सगळ्यांसमोर त्या म्हणाल्या होत्या, "पदवी आणलीस, पण बटणं तरी धड लाव!" सगळी बटणे शाबूत आहेत, तपासून घ्यावीत.

४. दुकानाच्या मालकांना काही नाही. त्याचे कारण पुढच्या कलमांत आहे.

५. मला जे येते ते कोणा एकाच्या नावे करता येत नाही, म्हणून इथे लिहून ठेवते. आमच्याकडे सर्वांत जास्त येणाऱ्या कंपनीच्या घड्याळाचा क्रमांक दोन भागांचा असतो. आकडे घड्याळाची जात सांगतात, शेवटची अक्षरे त्याचे रूप. एल-एन म्हणजे काचेभोवतीचे कडे काळे, एल-व्ही म्हणजे हिरवे. पूर्वी दुकानात हे फक्त मालकांना कळत असे. मला ते पटेना. दुकान उघडण्याआधी मी सगळ्यांना शिकवू लागले. मालक हसले होते, "अगं, इथे शाळा काढलीस की काय?" मी एकच गोष्ट पुन्हापुन्हा सांगायचे: आकडे आणि अक्षरे कधी तोडायची नाहीत, अर्धा क्रमांक म्हणजे अर्धे खोटे. हे बिलापुरते होते. प्रत्यक्षात ही कंपनी त्या घड्याळांच्या धातूवर फक्त आकडे कोरते. अक्षरे सोबतच्या कार्डावरच असतात. ते मी सांगितले नाही. कोरायला कोणी बसणार आहे, हे माझ्या मनातही आले नव्हते.

६. त्यानंतर एक बाई कार्ड घेऊन काउंटरवर आल्या. त्यांचे पती पायी घरी येताना मारले गेले होते आणि मनगटावरचे घड्याळ नाहीसे झाले होते. कार्डावर हिरव्या कड्याची अक्षरे होती, खाली त्या एका घड्याळाचा स्वतःचा अनुक्रमांक. "हे कुठे विकायला आलं, तर मला कळवाल?" मालकांनी त्यांना खुर्ची दिली, पाणी मागवले. "ताई, हे काय सांगायला हवं? तुम्ही निर्धास्त राहा."

काही दिवसांनी मालकांच्या स्वतःच्या कपाटातून एक घड्याळ माझ्या टेबलावर आले. काळे कडे, नवी चकाकी. मी पट्टा उतरवला. पट्टा अडकतो त्या खाचेत आकडे कोरलेले होते, आणि त्यांच्या पुढे, अगदी सुबक, एल-एन. धातूवर अक्षरे! अशी चूक कंपनी करत नाही आणि बाहेरचा सराईत चोरही करत नाही. ती फक्त माझ्याकडे शिकलेला माणूस करील. दुसऱ्या बाजूला नवा अनुक्रमांक होता. दिवा तिरका धरला तेव्हा त्याच्याखाली घासलेला जुना दिसला. तो त्या बाईंच्या कार्डावरचा होता. हिरवे कडे काढून काळे बसवले होते.

७. आमच्या पॉलिशवाल्या काकांना मी विचारले. ते यंत्र बंद न करताच बोलले, आवाज बाहेर जाऊ नये म्हणून.

"पोरी, तूच म्हणालीस ना, आकडे आणि अक्षरं तोडायची नाहीत? मी नाही तोडली."

"काका, कोणी सांगितलं कोरायला?"

"माझा पगार कोण देतं?" मग म्हणाले, "रक्त होतं गं पट्ट्यात. मला वाटलं गंज आहे."

त्यांनी साक्ष द्यायचे कबूल केले. त्याच आठवड्यात ते गोदामाच्या जिन्यावरून पडून वारले. गुडघ्यांमुळे त्या जिन्याला त्यांनी कधी पायही लावला नव्हता. शोकसभेत मालक माझ्याजवळ आले आणि मायेने म्हणाले, "तुमच्या घराचा जिनाही फार अरुंद आहे. आईंना जपा." मालक आमच्या घरी कधीही आलेले नाहीत.

८. ते घड्याळ घरात नाही, ते मी तपास अधिकाऱ्यांकडे दिले आहे. शोधायला येणाऱ्यांनी कपाटे फोडू नयेत. मी जिन्यावरून पडले, गाडीखाली आले किंवा मनावर परिणाम होऊन काही करून घेतले असे सांगण्यात आले, तर वकीलबाईंनी हा कागद न्यायाधीशांसमोर वाचावा. मी जिना कठडा धरून उतरते आणि मला जगायचे आहे.

९. बाबांनी मालकांकडून सांत्वनाची म्हणून कोणतीही वस्तू घेऊ नये. काल बाबा म्हणाले, "तुला शिकवलं ते नोकरीसाठी, कोर्टात उभं राहायला नाही." बाबा, रागावले नाही मी. पण शिकल्यावर वाचता येते, आणि एकदा वाचले की ते न वाचल्यासारखे करता येत नाही.

१०. राहिलेले सर्व, म्हणजे माझ्या पगारातून घेतलेले शिलाई मशीन, लोखंडी कपाट आणि त्यातले सामान, आईला. (हे कलम खोडले आहे. कारण खाली.)

पहिल्या साक्षीदार पहिल्या मजल्यावरच्या नर्सबाई. दुसरे कोपऱ्यावरचे शिंपी होणार होते. आज त्यांच्या दुकानाचे शटर अर्धे खाली होते. "चष्मा फुटलाय गं," ते म्हणाले. चष्मा नाकावर होता. मग हळूच म्हणाले, "काल एक गिऱ्हाईक आलं होतं. बराच वेळ बसलं. माप न देताच गेलं."

मी घरी येऊन हे सांगितले. आईने हात पुसले. "कुठे करायची सही?"

"आई, साक्षीदाराला मृत्युपत्रातलं काही मिळत नाही."

"मग खोड माझं."

"अगं, पण मशीन तुझ्यासाठीच..."

"तू असलीस तर मशीन आहेच. आणि नसलीस तर काय शिवू मी त्याच्यावर?"

म्हणून आईच्या नावचे सर्व आता धाकटीचे.

ठिकाण: राहते घर, तिसरा मजला.
दिनांक: नऊ नोव्हेंबर, साक्षीचा आदला दिवस.

(सही) मृत्युपत्र करणारी

साक्षीदार १: (सही) नर्स, पहिला मजला. हिने माझ्यासमोर सही केली. ही पूर्ण शुद्धीत आहे, प्रकृती ठणठणीत आहे.

साक्षीदार २: (सही) आई. मुलीनं माझ्यासमोर सही केली. उद्या जिना मी पुढे उतरणार आहे, ती माझ्या मागे.