सूर्यावर तापणारी खोली

प्रिय सपना,

दादाचा आशीर्वाद तुझ्या पाठीशी आहे.

इथे डोंगरावरच्या रिसॉर्टवर थंडी आहे, जेवण बरं आहे. आईचे गुडघे कसे आहेत?

सोलरवर तापणाऱ्या लाकडी खोलीत पाहुणे घाम गाळायला येतात. मी आत गरम दगडांवर पाणी ओततो. मॅनेजर म्हणतो, “वर्धेवाल्या, तुला काय रे गरमी!” कधी भोवळ येते, बसलं की जाते.

ऊन लागू नये म्हणून सवयीने खिशात कांदा ठेवला होता. वास येतो म्हणून मॅनेजरने फेकायला लावला.

काल पुण्याची एक बाई म्हणाली, “सूर्य माणसाला किती बरं करतो, नाही?” बाबा शेतात ऊन लागून गेले, हे तिला सांगितलं नाही. टॉवेल दिला.

धनंजय फोनवर म्हणत होता, “दादा, मलेही तिकडं बोलाव.” धाकटा तरी उन्हातून सुटेल, असं आईला वाटतं. जागा भरली म्हणून सांग. दोघांनाही.

तुझा,
भूपेंद्रदादा