चाफ्याच्या वळणावर

निर्मळ, ५ जानेवारी २०२५

चि. कॅथरिनला मटिल्डामावशीचे अनेक आशीर्वाद.

फोनवर तू हो हो म्हणतेस आणि विसरतेस, म्हणून हा कागद. आमचा रस्ता सुरक्षित करायची तुमच्या ऑफिसची योजना कळली. तुमची माणसं आमच्या वळणावर छत्रीखाली बसून सकाळी आठपासून मोजत होती, आणि म्हणे इथे रस्ता ओलांडणारं फारसं कोणी नाही. अगं, फुलवाल्या बायका पहाटे साडेचारलाच टोपल्या घेऊन पलीकडे रिक्षाला जातात. आठ वाजता त्या दादरला असतात. गेल्या आठवड्यात त्यांच्यातल्याच, शेजारच्या मनालीला टेम्पोने उडवलं. पाय प्लास्टरमध्ये आहे. झेब्रा पट्टे आणि गतिरोधक आमच्याच वळणावर हवेत. इंजिनीअर झालीस त्याचा मावशीला काही उपयोग होऊ दे.

तुझी मावशी

विरार, १२ जानेवारी

ती. मावशीस सा. न.

चूक आमचीच. काल पहाटे मी स्वतः येऊन उभी राहिले. एकसष्ट बायका मोजल्या. साहेबांनीही मान्य केलं. मात्र पट्टे तुझ्या वळणावर नाही, दोनशे पावलं पुढे येतील. कारण तांत्रिक आहे, लिहिण्यासारखं नाही. चहाला न येता परतले म्हणून रागावू नकोस, माया पातळ करू नकोस.

तुझी कॅथरिन

निर्मळ, २० जानेवारी

चि. कॅथरिनला आशीर्वाद.

लहानपणी खोटं बोललीस की तू जेवायची नाहीस, आता चहा चुकवतेस. डोक्यावर टोपली घेऊन कोणी दोनशे पावलं वाकडी वाट करत नाही, हे तुलाही ठाऊक आहे. म्हणून खरं कारण शोधायला काल मनालीच्या जावेला वळणावर उभं केलं आणि मी रिक्षात बसून आले. रिक्षा अगदी जवळ येईपर्यंत ती दिसलीच नाही. मध्ये आपला सोनचाफा होता, तुझ्या फ्रेडरिककाकांनी आमच्या लग्नाच्या वर्षी लावलेला, तीन बुंध्यांचा. ते गेल्यापासून मी त्या झाडाशी बोलते, म्हणून तू गप्प बसलीस. मला तुझा राग आला, आणि माझा जास्त. बुधवारी चर्चमध्ये काकांच्या वर्षाचा मिस्सा, प्रार्थना आहे, तेवढा होऊ दे. मग झाड तोडायचा अर्ज कुठे करायचा ते कळव.

मावशी

विरार, २४ जानेवारी

ती. मावशीस सा. न.

अर्ज भरून सोबत पाठवते, फक्त सही कर. तुला जपताना मी त्या बायकांना लांब ढकलत होते, याची लाज वाटते. तोडायच्या दिवशी रजा काढून येईन. चहाही घेईन.

कॅथरिन

निर्मळ, ६ एप्रिल

चि. कॅथरिनला आशीर्वाद.

पट्टे आखले, गतिरोधकही झाला. झाड तोडलं त्या दिवशी तू माझा हात धरून उभी होतीस ते बरं झालं, एकटीने बघवलं नसतं. सकाळी दार उघडलं की अजून वास शोधते. स्वयंपाकघराच्या खिडकीतून आता थेट रस्ता दिसतो. पहाटे चहा ठेवते आणि तुझ्यासारखी बायका मोजते. इतके दिवस एकसष्टच व्हायच्या. आज बासष्ट झाल्या. मनाली सगळ्यांच्या मागून हळूहळू पलीकडे गेली, आणि ती पोचेपर्यंत टेम्पोवाला थांबून राहिला.

येत जा. तुझी मावशी