डोहातल्या पावण्यांची भाकरी

आई, परवा वस्तीच्या बैठकीत तुझा विषय निघाला, पण तो तुझा आहे हे माझ्याशिवाय कुणालाच कळलं नाही. आपली धनगरवाडी जंगलासाठी उठवून खाली शिरोळकडच्या सपाटीला आणली, त्याला आता बरीच वर्षं झाली. ज्या सपाटीवरून तू लग्न होऊन डोंगरात गेलीस, तिथेच आम्ही शेवटी येऊन पडलो. तू असतीस तर आमची चांगलीच फिरकी घेतली असतीस. अजूनही दरवर्षी पाऊस ओसरला की आपली माणसं वर जाऊन जुन्या वाडीखालच्या नदीच्या डोहातल्या खडस माशांना भाकरी घालून येतात. यंदा जंगलाच्या चौकीवरच अडवलं. म्हणून चौकशीला कोल्हापूरहून साहेब आले होते. म्हणाले, रीत पूर्वजांपासूनची असेल तर वर जायचा हक्क मिळेल, नाहीतर नाही. वाडीतलं जुनं माणूस कोण? सगळ्यांनी माझ्याकडे बोट केलं.

तुझी ती गोष्ट मी आजीच्या तोंडून इतक्यांदा ऐकलीय, की मी तिथेच होते असं वाटतं. तू नवी नवरी आहेस. आजी नदीकडून ओरडत येते, "अगं ए, पावणं आल्यात की!" पूर उतरताना नदीतून वर चढून आलेल्या खडसांना आपल्याकडे मासा म्हणत नाहीत, पावणं म्हणतात, आणि त्यांना कुणी हात लावत नाही, हे तुला सांगायचं सगळे विसरलेत. तुझ्या माहेरी मासा म्हणजे कालवण. तू लगबगीनं चूल पेटवतेस, टोपलीभर नाचणीच्या भाकऱ्या थापतेस, पदर सावरून पाण्याचा तांब्या घेऊन दारात उभी राहतेस. "पावणं कुठं हायती?" तू विचारतेस, आणि अख्खी वाडी पोट धरून हसते. एकटी आजी हसली नाही. म्हणाली, "केल्यास न्हवं भाकऱ्या? मग नेऊन घाल त्यांस्नी. एवढ्या लांबनं आल्यात, उपाशी कशाला धाडायचं?"

मला आठवतं ते त्यानंतरचं. दरवर्षी त्या दिवशी तू चुलीपुढे बसायचीस, धुरानं डोळे लाल, आणि बायकांना म्हणायचीस, "हसा, हसा अजून." तोवर हसणाऱ्या सगळ्याजणी आपापल्या घरची भाकरी घेऊन तुझ्या मागून निघायला लागल्या होत्या. एकदा मी टोपलीतला कोपरा मोडून तोंडात टाकला तर हातावर फटका बसला. "आधी पावणं, मग तू." केवढा राग आला होता मला! माशांवरून पोटच्या पोरीला मारतेस म्हणून मी संध्याकाळपर्यंत तुझ्याशी बोलले नाही. हळूहळू मूळ गोष्ट ठाऊक असलेली माणसं गेली, आणि रीत तेवढी राहिली.

तर बैठकीत आपल्या शेजारचा तरुण मला म्हणाला, "आत्ती, सांगा की सायबांस्नी. आज्या-पंज्यापासनं हाय न्हवं?" माझा सगळा जन्म शाळेत पोरांच्या चुका दुरुस्त करण्यात गेला. नाही त्याला होय म्हणवत नाही मला. पण समोर सगळी वस्ती माझ्या तोंडाकडे बघत बसलेली. गाव गेलं, देवळाची जागा गेली, त्या डोंगराशी नातं म्हणून एवढंच उरलंय. रीत तुझ्या फजितीपासून सुरू झाली असं सांगितलं असतं तर साहेबांनी तिथेच कागद मिटले असते.

मी म्हणाले, "पावण्यांस्नी उपाशी धाडायचं न्हाय, हा माझ्या आजीचा शब्द हाय. मला कळतंय तवापासनं आमच्यात हेच चालत आलंय." यात एक अक्षर खोटं नाही. साहेबांनी मान डोलावून लिहून घेतलं. पोरांनी टाळ्या वाजवल्या. बहुतेक हक्क मिळेल आता.

हे लिहिलेलं कुठे पाठवायचं नाही, पाठवणार तरी कुठे? पण कुणाला तरी सांगायला हवं. टाळ्या वाजत होत्या तेव्हा मला आनंद झाला नाही, आई. मला फार वाटत होतं, साहेबांनी सहज म्हणून तरी विचारावं, की पहिली भाकरी थापली कुणी.