पाठ न लावता केलेला गिलावा

९ सप्टें. ७४
मल्लय्यांच्या घरी गेलो. नाल्याचं पाणी मागच्या खोलीत शिरलेलं, भिंतीला कमरेएवढी काळी बुरशी. वासानं डोकं भणाणलं. दाजींनी न् मी सगळा गिलावा खरवडून विटा उघड्या केल्या. आता नुसतं वाळू द्यायचं. मल्लय्यांना घाई. लेक बाळंतपणाला आलीय, वेगळी खोली तेवढीच. "लौकर करा की!" म्हटलं, मी पाठ लावून सांगेपर्यंत कुणी हात लावायचा नाही. उघड्या पाठीनं भिंतीला टेकून बसायचं, गार लागली तर थांबायचं. दाजींनीच शिकवलंय. अक्काशी त्यांचं लग्न झालं तेव्हापासून मी त्यांच्या हाताखाली.

१४ सप्टें.
पाठ लावली. गारठलो! मल्लय्यांना सांगितलं, थांबा. तोंड उतरलं बिचाऱ्यांचं. उद्या होटगीला, एक गळकं छत आहे.

१९ सप्टें.
होटगीहून सरळ मल्लय्यांकडे. खोली चकाचक! सिमेंटचा गिलावा, वर पांढरा रंग. कुणी सांगितलं करायला? मल्लय्या हसत, "तुमीच की! दाजी म्हणाले, आमचा बसू गावाला जायच्या आधी परत पाठ लावून गेला, कोरडी हाय."
माझं नाव पुढं केलं. स्वतःचं घ्यायला काय झालं होतं?

२० सप्टें.
दाजींना गाठलं. बशीत चहा ओतत म्हणतात, "माणूस रोज दारात येऊन रडतंय. तू नाहीच म्हणत बसला असतास. आता वरून काय दिसतंय? गप बस."
आतली ओल कुठं जाणार मग? तुम्हीच शिकवलं ना? तर ते बशी तोंडाला लावून बसले. लई संताप आला. अक्का मधे पडली, "त्यांचं नाव घालवू नको रे. मला ह्याच घरात राहायचंय." तिचंही खरं. पण ज्यांना बापाच्या जागी मानलं त्यांनीच...

२२ सप्टें.
मल्लय्यांना नात झाली. उद्या दवाखान्यातून घरी. तेवढंसं पोर त्या ओलीत कोंडणार? नाही राहवलं, गेलो. सांगून टाकलं, दाजी खोटं बोलले, जायच्या आधी मी परत पाठ लावलीच नव्हती.
मल्लय्यांनी नजर चुकवली. "ते सकाळीच येऊन गेले. म्हणाले, बसूला वेगळा धंदा काढायचाय, आमचं नाव घालवायला येऊन भिंत ओली हाय म्हणंल."
तडक खोलीत गेलो. सदरा काढून टेकलो. गार! म्हटलं, तुम्ही पण टेका की. "नवं सिमेंट गार लागतंच, दाजी म्हणाले." माझ्या आधी येऊन सगळी तोंडं बंद करून ठेवलीत या माणसानं! म्हटलं, फोडून फुकट करून देतो, पण बाळ आत नेऊ नका.

२३ सप्टें.
समोरच्या चहाच्या टपरीवर जाऊन बसलो. टांगा आला. लेक बाळाला घेऊन उतरली, ओसरीवर बाज टाकलेली, तिथं टेकली. मल्लय्यांनी मला बघितलं. मागच्या खोलीत गेले, दार लावून घेतलं. लेक बापाला दोनदा हाका मारते, "नान्ना, बाज आत घ्यायची ना?" 
बऱ्याच वेळानं बाहेर आले ते सदऱ्याची बटणं लावत. माझ्याकडं बघितलं नाही. बाजेचा एक पाय धरून उभे राहिले, बाज काही आत नेली नाही.