अण्णांचा पाइप, तुझी मिश्री

आई, अण्णा अजून पाइप ओढतात. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे बाकीचं सांगताना मला सारखं तिकडे वळावं लागणार नाही. ऐंशी पार केली त्यांनी. तोंडात स्वतःचा एकही दात नाही, कवळी आहे, आणि त्या कवळीत पाइप घसरू नये म्हणून दांडीच्या टोकाला मी रबराची नळी बसवून दिली आहे. इथे खांदेश्वरला आमच्या घराजवळचा दातांचा डॉक्टर अधूनमधून त्यांचं तोंड तपासतो आणि म्हणतो, काका, एकदम क्लीन. मी शेजारच्या खुर्चीत पर्स धरून बसलेली असते. आनंद व्हायला हवा, बाप आहे माझा. पण होत नाही. आपल्या घरात तोंडाचा कॅन्सर एकालाच व्हायचा होता तर तो तुला का झाला, आणि तुझ्या तोंडात वेळेवर कुणी डोकावून का पाहिलं नाही, एवढंच मनात येतं. इतकी वर्षं झाली तुला जाऊन, पण हे काही जुनं होत नाही.

तो कॅटलॉग आठवतो का तुला? आपण तेव्हा नेरूळला सिडकोच्या दोन खोल्यांत राहत होतो, मी वाशीच्या कॉलेजात शेवटच्या वर्षाला होते, घरात केबल नुकतंच आलं होतं. अण्णा न्हावा-शेव्याच्या बंदरात एका शिपिंग एजंटकडे नोकरीला. जहाज लागलं की वर चढायचं, कागदांवर सह्या घ्यायच्या, कॅप्टनच्या केबिनमध्ये बसून कॉफी प्यायची. त्या केबिनींनीच त्यांना पाइपाचा नाद लावला. साताऱ्याकडचा माणूस, पण संध्याकाळी बाल्कनीत पाइप पेटवला की अण्णा निराळेच दिसायचे, आवाजसुद्धा खालच्या पट्टीत जायचा. कुणा इंजिनीअरने दिलेला तो जुना पाइप एक दिवस तडकला. तेव्हा त्यांच्या ओळखीचे एक गोव्याचे कॅप्टन म्हणाले, मी आता अमेरिकेच्या फेरीवर चाललोय, तुम्ही पसंत करून ठेवा, येताना घेऊन येतो. आणि जाडजूड गुळगुळीत कागदाचा तो कॅटलॉग आपल्या घरी आला. मुलीचं स्थळ बघावं तसं अण्णांनी ते प्रकरण मनावर घेतलं.

रविवार आहे. अण्णा दिवाणावर मांडी घालून बसलेत, मी खाली चटईवर, आणि मी इंग्रजी वाचून त्यांना मराठीत सांगतेय. अमेरिकन पाइप दणकट, जाड भिंतीचे. त्यातच एक ॲल्युमिनियमच्या दांडीचा, धूर गार करणारा म्हणे, पण अण्णा म्हणाले, हा तर नळदुरुस्तीवाल्याच्या पिशवीतला वाटतो. इंग्लंडचे साधे, सरळ दांडीचे. इटलीचे चकचकीत. आयर्लंडचे वाकलेल्या मानेचे. डेन्मार्कचे इतके सुबक की ओढायचे की कपाटात ठेवायचे कळू नये. तुर्कस्तानचा एक पांढऱ्या मऊ दगडात कोरलेला, त्यावर पगडीवाल्या म्हाताऱ्याचं तोंड. बहुतेक सगळे ब्रायर नावाच्या झुडपाच्या मुळापासून केलेले, कारण ते लाकूड लवकर जळत नाही. अण्णांची परीक्षा एकच होती: जिभेला चटका बसता कामा नये. भिंत किती जाड, भोक किती रुंद, वाकडी दांडी बरी की सरळ, धूर तोंडात येईपर्यंत किती निवतो. जिभेची एवढी काळजी कुणी घेतलेली मी पुन्हा पाहिली नाही.

आणि त्याच वेळी तू स्वयंपाकघरात तव्यावर तंबाखू भाजत होतीस. पानं काळी पडेपर्यंत भाजायची, कुटायची, फडक्यातून गाळायची, की झाली आठवड्याची मिश्री. सकाळी एकदा, जेवणानंतर एकदा, दुपारी दिवाळे गावची कोळीण मावशी मासळीची पाटी उतरवून दारात टेकली की तिच्याबरोबर एकदा. एकाच डबीतून तुम्ही दोघी बोट फिरवायचात आणि मग पदराआड तोंड धरून गप्पा मारायचात. त्या रविवारी भाजण्याचा खकाणा बाहेरच्या खोलीत आला तसे अण्णा खोकले आणि म्हणाले, "अगं, खिडकी लाव ती. खालची मंडळी काय म्हणतील, सोसायटी आहे ही." त्यांच्या पाइपाचा वास सोसायटीला चालायचा. त्याला सगळे म्हणायचे, काय छान सुगंध आहे. तू खिडकी लावलीस आणि तिथेच धुरात उभी राहिलीस.

मग हात पुसत बाहेर आलीस. अण्णा खुशीत होते, म्हणाले, "ये, तूपण एक पसंत कर."

"मला काय कळतंय त्यातलं," तू म्हणालीस, पण वाकून बघायला लागलीस. पगडीवाल्या म्हाताऱ्यावर बोट ठेवून विचारलंस, "ह्यो कोन?" मी हसले. दोन पानं उलटलीस आणि थांबलीस. "ह्ये तर कनीस हाय की."

होतंच ते कणीस. दाणे काढलेलं मक्याचं बुरकुंड पोखरून केलेला अमेरिकन पाइप, कॅटलॉगातला सगळ्यांत साधा.

"अगं, तो तिकडचे शेतकरी ओढतात," अण्णा म्हणाले.

"मग शेतकरी काय वाईट असत्यात व्हय?" तू म्हणालीस. "आमच्या आबांची चिलीम हुती मातीची. ह्ये त्याहून बरं. हलकं तरी असंल."

आम्ही दोघंही हसलो. तूही हसलीस, पण ओठ मिटूनच. तेव्हा तू तशीच हसायला लागली होतीस, हे आज मला लख्ख दिसतं. दात काळे दिसतात म्हणून तू तोंड झाकतेस असा माझा समज होता. अण्णांनी शेवटी डेन्मार्कचा वाकड्या दांडीचा पाइप पक्का केला.

कॅप्टन तो घेऊन आले, आणि गंमत म्हणून कणसाचाही एक आणला. "हा वहिनींना," ते म्हणाले, आणि सगळ्यांनी टाळ्या दिल्या. तू तो मिश्रीच्या डब्याशेजारी फळीवर ठेवून दिलास. अण्णांच्या पाइपाने मात्र आल्याआल्या त्यांची जीभ भाजली. नवा पाइप हळूहळू मुरवायचा असतो, अण्णा घाई करत होते, एवढंच कारण होतं. पण घर हादरलं. अण्णा घास घेताना डोळे मिटायला लागले, मी कॉलेज बुडवलं, आणि आपण तिघं वाशीला डॉक्टरांकडे गेलो. तू अण्णांची पिशवी सांभाळत दाराजवळच्या स्टुलावर बसलीस. डॉक्टरांनी त्यांना तोंड उघडायला लावलं, गाल ताणून आतून पाहिलं, जीभ धरून खालून पाहिली. मग म्हणाले, "काही नाही, भाजलंय नुसतं. पण हे सोडा बरं का. घरात आणखी कोणी तंबाखू खातं?"

"छे, छे," अण्णा म्हणाले. "घरात कोणाला काही व्यसन नाही."

ते खोटं बोलले नाहीत, आई. हेच तर माझ्या डोक्यातून जात नाही. मिश्री म्हणजे तंबाखू हे त्यांच्या मनातच आलं नाही. माझ्याही नाही. तुझ्याही नाही आलं बहुतेक. पाइप म्हणजे व्यसन, तो मोठ्या माणसांचा शौक, त्याची काळजी करायची, त्यासाठी डॉक्टर गाठायचा. मिश्री म्हणजे दात घासणं. दात घासण्याने कुणी मरतं का? तू तिथे हातभर अंतरावर बसली होतीस. डॉक्टरांनी मान वळवून बाई, तुम्हीही बसा या खुर्चीत, एवढं म्हटलं असतं तर. पण त्यांनी घंटी वाजवली आणि पुढचा पेशंट आत आला.

बसस्टॉपवर अण्णा आपल्यापासून थोडे पुढे उभे होते. तू हळूच मला विचारलंस, "डाक्टर तोंडात काय बगत हुतं गं एवढं?"

"पांढरा डाग आहे का ते बघतात," मी म्हटलं. "असला तर वाईट."

"पांढरा?"

"हो. पांढरा चट्टा."

तू पदर तोंडावर ओढून घेतलास. मग म्हणालीस, "चल, भाजी घ्यायची हाय." आणि आपण भाजी घेतली. मला आठवतं, तू मिरच्यांच्या ढिगापुढे उभी राहिलीस, हात पुढे केलास आणि मागे घेतलास.

घरातलं तिखट त्याच सुमारास कमी झालं. तुझ्या हातचा रस्सा म्हणजे शेजारच्यांना नाक पुसत खावा लागायचा, आणि तोच रस्सा गोडसर लागायला लागला. अण्णा कुरकुरले, "अलीकडे मिरचीला चवच नाही." तू म्हणालीस, "अवं, बियानं बदललंय आता." आम्ही ते मानलं. तू भात दह्यात कालवून शेवटी, एकटी जेवायचीस, तेही आम्ही मानलं. तुझं तोंड उघडेनासं झालं, दोन बोटंसुद्धा आत जाईनात, तेव्हा कुठे सगळं बाहेर आलं. मुंबईच्या मोठ्या हॉस्पिटलातल्या डॉक्टरीणबाईंनी पहिला प्रश्न विचारला, मिश्री कधीपासून? अण्णा म्हणाले, "ती फक्त दात घासायला लावते हो." त्या बाईंनी पेन खाली ठेवलं आणि त्यांच्याकडे नुसतं बघितलं. तो चेहरा मी विसरणार नाही.

ऑपरेशननंतर तुझा अर्धा जबडा गेला, बोलणं गेलं. एका दुपारी तू डाव्या तळव्यावर उजवं बोट फिरवून दाखवलंस. मला कळलं तुला काय हवंय. मी रागावले, मान हलवली, तू तोंड भिंतीकडे वळवलंस. दुसऱ्या दिवशी घरी मी तवा ठेवला आणि आयुष्यात पहिल्यांदा तंबाखू भाजली. ती तुझ्या कणसाच्या पाइपात भरली, वरून फडकं बांधलं आणि हॉस्पिटलात नेली. तुला तोंडात काही घालता येत नव्हतं. तू तो नाकाशी धरलास आणि किती वेळ डोळे उघडलेच नाहीस. तू पसंत केलेली ती एकच वस्तू, तिचा तुला एवढाच उपयोग झाला. त्यानंतर तू फार राहिली नाहीस.

तेरावा झाला त्या संध्याकाळी अण्णा बाल्कनीत गेले आणि त्यांनी पाइप पेटवला. मला तो हिसकावून खाली फेकावासा वाटला. जवळ गेले तर ते रडत होते, धूर आणि रडं एकातच चाललं होतं. मी परत आत आले. तेव्हापासून मी त्यांना काही म्हटलेलं नाही, आणि त्यांनीही तुझ्याविषयी काही काढलेलं नाही. दोघं एका घरात राहतो, मी त्यांना जेवायला वाढते, रबराची नळी बदलून देते. माझ्या मनात त्यांच्याविषयी जे आहे त्याला माया म्हणायचं की आणखी काही, ते मला ठरवता आलेलं नाही, आणि आता ठरवून होणार तरी काय.

हे पत्र मी कुठे पाठवणार? लिहून झालं की फाडेन, कदाचित फाडणारही नाही. पण लिहायला बसले ती एका गोष्टीसाठी आणि तिच्याभोवतीच फिरत राहिले. हॉस्पिटलात न्यायला भाजलेली थोडी मिश्री डब्यात उरली होती. तू गेल्यावर ती टाकवेना. तुझा वास होता तिला. एकदा बोटावर घेतली, मग पुन्हा घेतली. संपली तेव्हा भाजली. इतकी वर्षं अण्णा बाहेर गेले की खिडकी लावून भाजते, त्यांना पत्ता नाही. मला सगळं माहीत होतं, तुझ्यासारखी अडाणी नव्हते मी, तरी. आणि महिनाभर झाला, मी आमटीत मिरची कमी घालतेय. परवा जेवताना अण्णा म्हणाले, "अलीकडे मिरचीला तिखटपणाच राहिला नाही." मी म्हटलं, "हो अण्णा, बियाणं बदललंय."