उजव्या बाजूचे ड्रम

गुरुवार, ५ मार्च

ती. स्व. मावशीस,
शि. सा. न. वि. वि.

फोन तुला ऐकू येत नाही आणि मोबाइलवरची अक्षरं तुला मुंग्यांसारखी दिसतात, म्हणून नेहमीप्रमाणे कागद घेऊन बसले आहे. अक्षराला नावं ठेवू नकोस.

काल बुधवार, म्हणजे रेडिओवरचा माझा जॅझचा कार्यक्रम. आधी जुन्या रेकॉर्ड, मध्ये आठवड्याची खबरबात, मग पुन्हा रेकॉर्ड. खबरबात छान झाली. पोस्टाच्या जिन्यात लागलेलं चित्रप्रदर्शन, लाँड्रीतलं कवितावाचन (तेवढा वेळ मशिनं बंद ठेवायचं मालकांनी कबूल केलंय), शनिवारी वाचनालयाच्या तळघरात वाद्यं घेऊन जमणारी मंडळी, सगळं सांगितलं. खुशीत हेडफोन काढला तर दारात मास्तर उभे. हे आमचं स्टेशन चालवतात, पूर्वी शाळेत विज्ञान शिकवायचे. रागावले तरी फळ्यावर लिहिल्यासारखं सावकाश बोलतात. त्यांनी विचारलं की दोन तास ड्रम कुठे गेले होते.

जुन्या रेकॉर्डमध्ये वाजवणारे दोन बाजूंना वाटलेले असतात. माझ्याकडच्या बहुतेकांत सॅक्सोफोन डावीकडे, ड्रम आणि पियानो उजवीकडे. दुपारी मी टेबल पुसलं तेव्हा उजव्या बाजूची वायर निसटली होती. साऱ्या गावाने नुसता सॅक्सोफोन ऐकला. बाहेरच्या खोलीतला फोन वाजून वाजून थकला. मला ना फोन कळला, ना ड्रम. मास्तरांना मी हेडफोन खराब झाल्याचं सांगितलं.

घरी येऊन तीच रेकॉर्ड लावली आणि हेडफोन उलटा घातला. मावशी, सॅक्सोफोन गेला आणि ड्रम आले. माझी पाचावर धारण बसली. वर्षभर मी हेडफोन बदलत होते, ते बिचारे सगळे धडधाकट. गेलाय तो माझा उजवा कान.

तुझे कान चाळिशीतच गेले ना? मला आता एकोणचाळीस. तुझा आधी कुठला गेला होता? खरं लिही. आई असती तर तिला विचारलं असतं, आता तुझ्याशिवाय आहे कोण. आणि हे कोणाला सांगू नकोस.

लोभ आहे तसाच असावा, माझ्या चुका पोटात घालून.

तुझी,
बडबडी


सोमवार, ९ मार्च

चि. बडबडीस,
अनेक आशीर्वाद.

कोणाला सांगू नकोस म्हणतेस, पण तुझं पत्र येण्याआधीच ते माझ्या कानावर आलं होतं. आता बोल! मी टेकडीच्या पलीकडे राहत असले तरी तुमचं स्टेशन इथवर खरखरत पोचतं, आणि दर बुधवारी मी रेडिओ पूर्ण मोठा करून ठेवते. मला ऐकू येत नाही म्हणून काय भाचीचा कार्यक्रम घरात लागू नये? खालच्या मजल्यावरच्या घड्याळवाल्यांना तो सक्तीने ऐकावा लागतो. आधी भांडायला वर यायचे, आता खुर्ची घेऊन जिन्यात बसतात. गेल्या बुधवारी त्यांनी पाटीवर लिहून विचारलं की आज ड्रमवाला रजेवर आहे का. तुझं काहीतरी बिनसलंय हे मला तेव्हाच कळलं.

खरं लिही म्हणालीस म्हणून लिहिते. माझाही आधी उजवा गेला, मग डावा. माझ्या आजीचंही तसंच झालं होतं. तेव्हा डॉक्टर ऑपरेशन करू म्हणाले, मी नको म्हटलं. काही बिघडलं नाही. झोप शांत लागते. समोरच्या घरातलं सासू-सुनेचं भांडण नुसतं हातवाऱ्यांवर बघायला मिळतं, ते जास्त रंगतं. नाटक कंपनीचे कपडे शिवताना मशीन किती खडखडतं तेही कळत नाही.

पण मी सुईवर पोट भरते, तू कानांवर. तेव्हा उद्याच्या उद्या डॉक्टरकडे जा. घाबरून घरी बसलीस तर कान काय आपण होऊन परत येणार आहे? आणि मास्तरांना सांगून टाक.

जेवत जा. पत्राची वाट बघते, ती फार बघायला लावू नये.

तुझी,
मावशी


शुक्रवार, १३ मार्च

ती. स्व. मावशीस,
शि. सा. न. वि. वि.

जाऊन आले. तपासणीची खोली अगदी आमच्या स्टुडिओसारखी, भिंतींना तसलाच मऊ फोम. आवाज आला की बटण दाबायचं. डाव्या कानाच्या वेळी दाबत राहिले. मग उजवा आला आणि मी वाट बघत बसले. काचेपलीकडची मुलगी एकेक कळ फिरवत होती, म्हणजे आवाज चालू होते. मला नुसते तिचे हात दिसत होते. इतकी भीती मला आईच्या आजारपणानंतर कधी वाटली नव्हती.

कानाच्या आत तांदळाच्या दाण्यापेक्षा लहान हाड असतं, ते हलेनासं झालंय. ते काढून कृत्रिम बसवतात. बहुतेकांना ऐकू येतं, पण शंभरात एखाद्याचा तो कान कायमचा जातो. डावाही हळूहळू त्याच वाटेवर आहे. मी डॉक्टरांना विचारलं की तो एखादा कोण हे आधी कळतं का. ते हसले. मला हसू आलं नाही.

मास्तरांना सांगितलेलं नाही. माझ्या कार्यक्रमाच्या वेळेवर डोळा ठेवून बसलेले कमी नाहीत, आणि बहिऱ्या बाईच्या हातात रेकॉर्ड कोण ठेवील? या बुधवारी आवाज मोजणाऱ्या यंत्रावरच्या डाव्या-उजव्या बाजूंच्या दोन सुया हलताहेत ना, तेवढंच बघत बसले. त्या नादात खबरबातीत काय बोलले तेही आठवत नाही.

तुझा लोभ आहे म्हणून धीर आहे, तो कमी पडू देऊ नये.

तुझी,
बडबडी


मंगळवार, १७ मार्च

चि. बडबडीस,
अनेक आशीर्वाद.

काय बोललीस ते मी सांगते. शाळेच्या बँडचा कार्यक्रम चारला होता, तू सहा म्हणालीस. आमचे घड्याळवाले कडक इस्त्रीचा शर्ट घालून, बसने टेकडी ओलांडून आले आणि बंद फाटकाशी उभे राहिले. जन्मभर लोकांची घड्याळं लावणाऱ्या माणसाला चुकीची वेळ सांगणारी तू पहिलीच. ते रागावले नाहीत. त्यांनी पाटीवर लिहिलं की तिला काहीतरी होतंय.

लपवण्यात तुझा जीव अर्धा झालाय, उरलेल्या अर्ध्यात कार्यक्रम करतेस. झाकली मूठ सव्वा लाखाची हे खरं, पण झाकलेल्या मुठीने रेकॉर्ड लावता येत नाही. ऐकणाऱ्यांनाच सांगून टाक. ड्रम गेले हे तुझ्याआधी त्यांनाच कळलं होतं.

रागावले असं समजू नये. रागावले असते तर लिहिलं नसतं.

तुझी,
मावशी


गुरुवार, २६ मार्च

ती. स्व. मावशीस,
शि. सा. न. वि. वि.

सांगितलं. आधी मास्तरांना, मग काल खबरबातीच्या शेवटी सगळ्यांना. माझा उजवा कान बंद पडलाय, एखादं वाद्य हरवलं तर कृपा करून फोन करा, असं म्हणाले. मास्तरांनी बाहेरच्या खोलीतला फोन उचलून स्टुडिओत, माझ्या डाव्या हाताशी आणून ठेवला आणि म्हणाले की प्रयोग फसला तर उपकरण बदलायचं असतं, माणूस नव्हे.

आता फोनला उसंत नाही. एका रेकॉर्डमध्ये ड्रमवाला मुद्दाम थांबतो आणि नुसता जाड तारांचा बास वाजतो, तर तेवढ्यात पाच जणांनी ड्रम गेल्याचं कळवलं. त्यातले पहिले तुझे घड्याळवाले.

सोमवारी ऑपरेशन आहे. मास्तर आणि त्यांच्या पत्नी सोबत येणार आहेत. लोक चांगले आहेत, पण त्याने भीती जात नाही. काल घरी आल्यावर उजव्या कानाशी घड्याळ धरलं, मग डाव्या कानाशी, आणि डाव्या कानातली टिकटिक ऐकून रडू आलं. तीही जाणार आहे कधीतरी. आणि सोमवारी मीच शंभरातली ती एखादी निघाले तर?

तुझी,
बडबडी


शनिवार, ११ एप्रिल

ती. स्व. मावशीस,
शि. सा. न. वि. वि.

इतके दिवस लिहिलं नाही कारण मान हलवली की खोली फिरायची. ऑपरेशन जागेपणीच केलं, कान तेवढा बधिर करून. मग कानात बोळा. बोळा असेपर्यंत काही कळणार नाही म्हणाले, आणि मी ते दिवस कसे काढले ते माझं मला माहीत.

काल बोळा काढला. डॉक्टर काहीतरी बोलले, ते डावीकडूनच आल्यासारखं वाटलं. मग शेजारी नर्सने रबरी हातमोजा फाडून कचऱ्याच्या डब्यात टाकला, आणि तो रबर फाटल्याचा चरचर आवाज उजवीकडून आला. मी इतकी दचकले की खुर्चीवरून पडतच होते. तो आवाज पुन्हा करा असं मी तिला म्हणाले. तिने दुसरा हातमोजाही फाडला.

अजून सगळं डब्यातून आल्यासारखं येतं आणि पाण्याचा नळ तर अंगावर धावून येतो. डाव्या कानाचं पुढे बघायचं आहे, त्याची धास्ती आहेच. पण काल रात्री हेडफोन सरळ घातला आणि ड्रम उजवीकडेच होते, मावशी.

तुझी,
बडबडी


बुधवार, १५ एप्रिल

चि. बडबडीस,
अनेक आशीर्वाद.

पत्र वाचून झाल्यावर घड्याळवाल्यांना दिलं. ते चष्मा पुसत बसले, मी मशीनवर बसले, पण शिवण सरळ येईना.

झोप शांत लागते असं मी तुला लिहिलं होतं, ते खरं आहे. पण झोपेसाठी मी तेव्हा ऑपरेशन नाकारलं नव्हतं. तुझी आई सोबत यायला तयार होती, पिशवी भरून दारात उभी होती, आणि मी घाबरून मशीनला चिकटून बसले. पुढे सगळ्यांना सांगत आले की मला गरजच नव्हती. सांगून सांगून मलाही ते पटलं.

माझे कान गेले तेव्हा तू बारा वर्षांची होतीस. घड्याळवाले लिहितात की तुझा आवाज भारदस्त आहे, रेडिओवर ऐकत राहावासा वाटतो. मला आठवतो तो एका पोरीचा चिरका आवाज, जिन्यातून हाक मारणारा. त्यानंतर तू काय काय बोललीस ते मी फक्त वाचलं आहे.

तर तुझ्या डॉक्टरांना नुसतं विचार, अडुसष्ट वर्षांचे कान ते बघतात का. नाही म्हणाले तरी चालेल. हो म्हणाले तर मला कळवू नकोस, सरळ न्यायला ये. कळवलंस तर मी पुन्हा मशीनला चिकटून बसेन. फार भीती वाटते गं.

तुझी,
मावशी