आई जिवंत असल्याबाबत

आई जिवंत आहे, हे आघाडीवरच्या माझ्या भावाला कोणत्या शब्दांत कळवले तर पटेल? याचे उत्तर मला माहीत नाही. बाकी मी पूर्ण शुद्धीवर आहे, प्रकृती ठणठणीत आहे आणि माझ्यावर कुणाचाही दबाव नाही. मदत पथकाबरोबर आघाडीकडे जाणाऱ्या प्रत्येकाने मृत्युपत्र करावे असा नियम आहे, म्हणून हे लिहिते.

१. माझी सायकल आणि पुस्तकांचे कपाट भावाला. पुस्तके त्याने विकली तरी चालतील.

२. वक्तृत्वाचा चषक काकांना. मी पदवीधर झाले तेव्हा ते म्हणाले होते, "आता या घरात भांडीसुद्धा पुस्तकात बघून घासणार." त्यांनी त्यात दाढीचा ब्रश ठेवावा. माझा राग गेलेला नाही. पण त्यांचे म्हणणे अगदीच खोटे नव्हते.

३. पोस्टातली शिल्लक आईला, ती माझ्यामागे राहिल्यास. तिने आधी चष्मा घ्यावा. "मला काय वाचायचंय?" असे ती म्हणेल. सुईत दोरा ओवायला तरी लागतोच.

४. माझे पेन कुणालाही देऊ नये. कारण नोंदवते. आईला लिहिता येत नाही. ती सांगत असे, मी लिहीत असे. ती सांगे, "त्याला म्हणावं, गधड्या, ओले मोजे घालून झोपलास तर बघ. अन् जेवतोस का नुसत्या बढाया मारतोस?" मी लिही, "चिरंजीवास अनेक आशीर्वाद. तुझ्या कर्तव्यनिष्ठेचा आम्हांस अभिमान वाटतो." आघाडीवर जाणारे पत्र त्या तोलाचे असावे, असे मला मनापासून वाटे. वाचून दाखवताना मात्र मी आईला तिचेच शब्द ऐकवत असे.

मग भावाचे पत्र माझ्या एकटीच्या नावे आले. "ताई, आई गेली ना? ही पत्रं तिची नाहीत. ती मला कधी चिरंजीव म्हणाली? तू लपवलंस, त्याचा राग नाही. रजेची माझी पाळी होती, ती मी तंबूतल्या एकाला दिली. त्याची आई आहे अजून."

आता आईचे बोलणे जसेच्या तसे लिहिले, तर तो म्हणेल, ताईला नक्कलही जमायला लागली.

५. परवा हे सगळे मी आईला सांगितले. तिने शिलाईचे मशीन थांबवले. "मारलंस ते मारलंस," ती म्हणाली, "वर आशीर्वाद देऊन मारलंस." मग तीच म्हणाली, "त्याला जाऊन म्हणावं..." आणि थांबली. "नको. तू काही म्हणू नकोस. मीच म्हणते."

पथकाच्या इस्पितळाला शिवणकाम करणारी बाई हवीच होती. यादीत माझ्या नावाखाली मी आईचे नाव घातले आहे, आणि तिने त्यापुढे अंगठा उठवला आहे.

साक्षीदार: गल्लीतले पोस्टमन (सही)
समोरच्या दवाखान्यातली परिचारिका (सही)
लिहून देणार: मोठी मुलगी (सही)

स्थळ: आमचे स्वयंपाकघर
दिनांक: पथक निघण्याची आदली संध्याकाळ, दोघींच्या पिशव्या भरून झाल्यावर